सूर्याची आंघोळ

“बाबा, सूर्याला रोज आंघोळ घालावी लागते का हो?”

मीरा आणि इशिता या मैत्रिणींनी अहल्याशी पैजच लावली होती: हिंमत असेल तर बाबांना विचार, तेही चारचौघांत. मीराच्या छतावरून दोघींना रोज सकाळी दिसायचं, अहल्याचे बाबा पंचा नेसून, मोठमोठ्यानं मंत्र म्हणत सोलर पॅनलवर तांब्यातांब्यानं पाणी ओततायत. अर्घ्यही झालं, सफाईही झाली! आणि शाळेच्या वादविवाद स्पर्धेत कप पटकावल्यापासून अहल्या कुणाच्या बापाला घाबरत नव्हती. स्वतःच्या तर नाहीच.

पण मुहूर्त चुकला. शेजारचे प्रभाकरकाका तेव्हाच दारात तणतणत उभे होते. त्यांच्या जांभळाची भिंतीवरून आलेली फांदी तोडायला बाबांनी रविवारी माणूस बोलावला होता.

“जयंता, आईच्या हातचं झाड आहे रे ते!”

“मग मी काय करू? मागच्या एप्रिलात दिवसाला बावीस युनिट यायचे, आता चौदा. बाकीचे तुझं जांभूळ खातंय!” बाबा गर्रकन अहल्याकडे वळले. “आणि तू काय गं, आंघोळ कुणाची?”

काकांचा चेहरा एवढासा झाला होता. ते बघून अहल्या पैज विसरली. तिनं बाबांच्याच मोबाइलवर सोलरचं अॅप उघडलं.

“जांभळाची सावली पॅनलवर कधी येते, बाबा?”

“चारनंतर.”

“मग यात वीज भर दुपारी बाराला का कमी दिसतेय? बाराला काय जांभूळ आपल्याकडे जेवायला येतं?”

काका फिस्सकन हसले. बाबा लालबुंद.

“फालतू पंगा घेऊ नको. पॅनल मळलेत म्हणशील, तर अख्ख्या माधव नगरात असे रोज धुतलेले पॅनल दाखव मला!”

तिथंच तर खरी गोम होती. अहल्या धाडधाड छतावर गेली, काचेवरून बोट फिरवलं. खरखरीत! बोअरिंगच्या पाण्यानं न्हाणीघरातल्या बादलीला चढतो तस्साच क्षारांचा पांढरा थर. वर्षभराच्या भक्तीचं सगळं पुण्य तिथं साचलं होतं.

शनिवारी उजाडायच्या आत तिनं आईची नूडल्ससाठी आणलेली व्हिनेगरची बाटली ढापली, पाण्यात मिसळली आणि मऊ फडक्यानं एकच रांग पुसली. दुसरी मुद्दाम तशीच ठेवली. अॅपवर दोन्ही रांगांचे आकडे वेगवेगळे दिसायचे.

दुपारी बारा वाजता तिनं मोबाइल बाबांच्या पानाशेजारी ठेवला. पुसलेल्या रांगेची रेघ वर, दुसरी बिचारी निम्म्याच्या जरा वर लोळत पडलेली. बाबांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

“मोबाइल हँग झाला असेल.”

“मोबाइल नाही झालेला,” आई वरण वाढता वाढता म्हणाली. “दुसरंच कुणीतरी झालंय. आणि माझं व्हिनेगर कुठाय?”

बाबा भात कालवू लागले. कप घेताना उभी राहिली होती, तश्शीच ताठ अहल्या उभी राहिली.

“आई, बाबा, माझं ठरलंय. फांदी तोडणाऱ्याला मी आत्ता फोन करून ‘येऊ नका’ सांगतेय. छताची चावी आजपासून माझ्याकडे, पॅनल मी पुसणार. आणि बाबा, उद्यापासून तुमचं अर्घ्य काकांच्या जांभळाच्या मुळाशी!”