वेंडेलची बावीस पावले

मित्रांनो, मी शर्यतीचे एक जुने घड्याळ आहे. किती वाजले, हे मला आजवर कधीच सांगता आलेले नाही. सुरुवात आणि शेवट यांच्यामधला वेळ तेवढा मी मोजतो. तेही नीट जमते का, अशी शंका मला अधूनमधून येते. एकदा ती फारच वाढली होती. त्या सकाळची ही गोष्ट.

माझा जन्म स्वित्झर्लंडचा, पण मला आठवते ते मिरजेच्या एका शाळेचे मैदान. व्यायामशिक्षक खांबेटे मास्तर मला गळ्यात अडकवत. खो-खोचे डाव आणि शंभर मीटरच्या शर्यती मी मोजत असे. मास्तर रोज सकाळी मला किल्ली देत. दहा वेढे, अकरावा कधी नाही. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला त्यांनाच देऊन टाकले.

१९८२ साली त्यांचा मुलगा पुरुषोत्तम सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला निघाला, तेव्हा मास्तरांनी मला त्याच्या बॅगेत ठेवले. शेजारी चामडी डबीत पन्नास मीटरची मोजपट्टी होती. विमानात आम्ही एकमेकांवर आदळत आलो.

नॉर्थ कॅरोलिनातल्या त्या छोट्या अपार्टमेंटमध्ये मी दोन वर्षे मोज्यांच्या कप्प्यात पडून होतो. मोजपट्टीला मात्र लगेच काम मिळाले. पुरुषोत्तमची बायको प्रतिमा हिने खिडकी मोजून घेतली. दोन मीटर उंची भरली. पुरुषोत्तमने दुकानात जाऊन दोन यार्ड उंचीचे पडदे आणले. यार्ड मीटरपेक्षा लहान असतो, हे पडदे टांगल्यावर दोघांच्या लक्षात आले.

"इंजिनिअरच्या घरचे पडदे," प्रतिमा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. "खाली वीतभर उजेड फुकट."

मग माझेही दिवस पालटले. पुरुषोत्तम कॉलेजातल्या खेळाडूंना गणित शिकवत असे. त्यांच्यात वेंडेल नावाचा फुटबॉलपटू होता. हा फुटबॉल म्हणजे तिकडचा, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा. दर वसंतात व्यावसायिक संघ पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात. त्याआधी त्यांचे पारखी गावोगाव जाऊन मुलांना उड्या मारायला लावतात, वजने उचलायला लावतात आणि चाळीस यार्ड पळवतात. त्या पळण्याचा वेळ म्हणजे त्या मुलाची ओळखच.

"मिस्टर पी," वेंडेल एकदा म्हणाला, "मोठ्या कॉलेजांत वेळ घ्यायला चार-चार माणसं असतात. आमच्याकडे कोच एकटे. तुम्ही घ्याल का माझा वेळ?"

पुरुषोत्तम भिडस्त माणूस. नाही म्हणणे त्याला जमत नसे. त्या संध्याकाळी मी कप्प्यातून बाहेर आलो, आणि दोन वर्षांनी माझ्या पोटात दहा वेढे फिरले. मित्रांनो, तो आनंद कसा सांगू?

हिवाळाभर आम्ही रोज सकाळी मैदानावर जात होतो. मास्तर शिट्टी वाजवून शर्यत सुरू करत. इथे शिट्टी नव्हती. पळणारा आपल्या मनाने निघतो, त्याचा हात जमिनीवरून उचलला की बटण दाबायचे. मैदानावर यार्डांच्या पांढऱ्या रेघा आखलेल्याच होत्या. वेंडेल त्यांच्यावरून वीस पावलांत पलीकडे जाई आणि माझा काटा साडेचार सेकंदांवर थांबे. रोज वीस पावले, रोज साडेचार.

मार्चमध्ये दोन पारखी फक्त वेंडेलला बघायला आले. आदल्या दिवशीच्या पावसाने मैदानाचा चिखल झाला होता आणि त्यांचे विमान दुपारचे होते. कोच म्हणाले, जिमच्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये पळवू. पण तिथे रेघा कुठून असणार?

"माझ्याकडे मोजपट्टी आहे," पुरुषोत्तम म्हणाला. आपला उपयोग होतोय म्हणून त्याचे कान लाल झाले होते. त्याने ओणवे होऊन दोन रेघा काळजीपूर्वक आखल्या.

वेंडेल पळाला. माझा काटा थांबला तो चार पूर्णांक नऊ दशांश सेकंदांवर. पारख्यांच्या हातातली नवी इलेक्ट्रॉनिक घड्याळेही तेच सांगत होती. वेंडेल पुन्हा पळाला. पुन्हा तेच.

हॅगर्टी नावाच्या थोराड पारख्याने वही मिटली. "मुलगा चांगला आहे, कोच. पण संथ आहे."

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले असेल? नवी घड्याळे खोटे बोलणार नाहीत. म्हणजे हिवाळाभर मीच चुकत होतो. माझी स्प्रिंग म्हातारी झाली होती, आणि मी त्या मुलाला रोज खोटी आशा दाखवत होतो. मोज्यांच्या कप्प्यातच राहिलो असतो तर बरे झाले असते.

वेंडेल गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. त्या दिवशी आमच्याबरोबर आलेल्या प्रतिमाने थर्मासमधला चहा त्याच्यापुढे धरला.

"बावीस पावलं पडली," तो म्हणाला. "माझी वीस पडतात, मॅडम. आज बावीस कशी पडली?"

प्रतिमाने त्याच्याकडे पाहिले, मग जमिनीवरच्या मोजपट्टीकडे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "चाळीस काय मोजलंत?"

"चाळीस म्हणजे चाळीस."

"आपले पडदे आठवा."

पुरुषोत्तमचा चेहरा पांढरा पडला. पारखी गाडीकडे निघाले होते. दुकानात सुटे पैसे कमी मिळाले तरी न मागणारा हा माणूस, पण मला मुठीत आवळून धावत सुटला. त्याचा घाम मला लागत होता.

"सर, चूक माझी आहे. मी मीटर मोजले. तुम्ही त्याला जवळजवळ चार यार्ड जास्त पळवलंत."

हॅगर्टी मागे वळला. "तीस वर्षं मी हे काम करतोय. लोक अंतर कमी करून फसवतात. वाढवून कुणी फसवलं नव्हतं."

दुसरा पारखी मनगट बघत म्हणाला, "विमान आहे."

"विमान थांबेल पाच मिनिटं," हॅगर्टी म्हणाला. "आणि तू, प्रोफेसर, या वेळी आधी आकडा सांग."

"छत्तीस मीटर, अठ्ठावन्न सेंटिमीटर."

नवी रेघ आखली गेली. वेंडेलने बोटे जमिनीला टेकली. त्याचा हात उचलला गेला तेव्हा माझ्या आतले प्रत्येक चाक त्याच्याबरोबर पळत होते. प्रतिमा मराठीत मोजत होती. सतरा, अठरा, एकोणीस, वीस.

साडेचार.

"वीस पावलं," वेंडेल म्हणाला आणि खाली बसूनच हसू लागला. हॅगर्टीने पुन्हा वही उघडली, गाडीच्या बॉनेटवर टेकवली आणि बराच वेळ लिहीत राहिला. एप्रिलच्या शेवटी एका संघाने निवडीच्या नवव्या फेरीत वेंडेलचे नाव पुकारले. निरोप घ्यायला तो आला, तेव्हा त्याच्या आईने शिवलेली निळ्या कापडाची पट्टी घेऊन आला. ती पडद्यांच्या खाली अगदी बरोबर बसली.

आता मी कॅरी गावातल्या पुरुषोत्तमच्या घरात काचेच्या कपाटात असतो. सगळे मला बघतात, हातात कुणी घेत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याला कधीतरी किल्ली द्या. दहाच वेढे. आणि कुणी मागे पडताना दिसले, तर त्याला संथ म्हणण्याआधी एकदा वाकून रेघ मोजून बघा.