म्हसवडला न गेलेला देव

“नाथाजी, टवके कशाला काढताय? आडवं कापूनच टाका. आत गर्भ असला तर!”

सोमवारी भरतेश सरांना कवचाचा नखाएवढा तुकडा पुरणार होता. बुधवारपर्यंत त्यांची भूक वाढली. सर जैन, कोंबडीच्या अंड्याला त्यांनी जन्मात बोट लावलेलं नाही, पण डॉक्टरेट मिळवली होती ती डायनासोरच्या अंड्यांच्या कवचावर.

नाथाजीने करवतीवर पाणी सोडलं. सांगलीच्या कॉलेजात, भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो सव्वीस वर्षं दगड घासत होता. कवचाचा तुकडा काचेवर चिकटवायचा आणि केसाहून पातळ होईपर्यंत घासायचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून उजेड जातो. कुठं थांबायचं ते त्याच्या अंगठ्याला कळे. त्या काचांवर सरांचे अकरा शोधनिबंध उभे होते. अकराही निबंधांच्या तळाशी ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार’ होते. कोणाचे, ते नव्हतं.

बाराव्यात मात्र लेखकांत नाव घालतो, असं सर म्हणाले होते. म्हणून तर हा दगड इथवर आला.

दगड म्हणजे घरचा देव. नाथाजीचे वडील फौजेत होते. जबलपूरहून सुट्टीवर येताना त्यांनी हा गोल धोंडा ट्रंकेतून आणला. माण तालुक्यातल्या घरी नाथाजीच्या आईने, साळूबाईने, त्याला म्हसवडचा सिद्धनाथ मानून शेंदूर फासला, तो पन्नास वर्षं फासतच राहिली. गेल्या दिवाळीत शेंदराचा एक पापुद्रा सुटला आणि खालची बारीक पुटकुळ्यांची कातडी नाथाजीने तिथल्या तिथे ओळखली: डायनासोरच्या अंड्याचं कवच.

“आये, देव म्हसवडला भेटवून आणतो,” त्याने थाप मारली. घरचा देव मोठ्या देवाला भेटवून आणायची रीतच होती.

“ने बाबा. माझं गुडघं धड आसतं तर मी बी आले आसते. पर मांडीव घिऊन बस यष्टीत. पिशवीत कोंबू नगंस.”

तो मांडीवर घेऊनच बसला. फक्त यष्टी सांगलीची होती.

करवत थांबली. आत गर्भ नव्हता, दगड होता.

मग कवचाची कपची नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात गेली. पडद्यावर कवचाचे स्फटिक खांबाला खांब लागून उभे राहिले, वर पंख्यासारखे उघडलेले, आणि मधून अंड्याची श्वास घ्यायची छिद्रं. सर खुर्चीतून उठले. मग मूलद्रव्यांचा तक्ता उमटला आणि सर बसले.

“हे शिसं कुठून आलं?”

“शेंदरातलं आसंल, सर.”

“छिद्रं बुजलीत की हो सगळी!”

साळूबाईच्या पन्नास वर्षांच्या भक्तीची विज्ञानाने प्रथमच दखल घेतली. नमुना दूषित.

“साफ करून चालंल की, सर.”

“चाललं असतं. पण सापडलं कुठं? कुठला डोंगर, कुठला थर?”

“वडलांस्नी ठावं हुतं.”

“मग विचारा त्यांना.”

“ते वारलं, सर. चवदा वर्सं झाली.”

“अरेरे,” सर म्हणाले. दुःख निबंधाचं होतं. “ठिकाण नाही तर कोण छापणार? न्या घरी. देव्हाऱ्यात शोभेल.”

हे सोमवारी का विचारलं नाहीत, असं नाथाजी म्हणाला नाही. विचारणं हे सरांचं काम होतं, घासणं त्याचं.

काचा चिकटवायच्या रेझिनने त्याने दोन्ही अर्धी जोडली, शिवण घासली, वर शेंदूर लिंपला. तरी करवतीच्या पात्याच्या जाडीएवढा देव पाण्याबरोबर मोरीत गेलाच होता.

शनिवारी त्याने तो आईच्या हातात दिला.

“झाली का रं भेट?”

“झाली.”

साळूबाईने धोंड्यावरून अंगठा फिरवला. नाथाजीला अंगठा तिचाच मिळाला होता. तिचा अंगठा एका जागी थांबला, मागे आला, पुन्हा तिथेच थांबला.

“म्हसवडात लय गर्दी आसंल,” ती म्हणाली. “देवाला धक्का लागल्याला दिसतोय.”

नाथाजी उंबऱ्यापाशी चपलेचा पट्टा सोडत राहिला.

तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, शिवणीवरून धोंड्याला एक वेढा दिला आणि गाठ मारली. पोराच्या फुटल्या गुडघ्याला बांधतात तशी, फार घट्ट नाही.