रविवारची तयारी

शर्टांच्या कारखान्यातल्या कटिंग मास्तरांनी कापायच्या टेबलावर खाकी कागद अंथरला आणि खडूनं दोन डोंगर काढले. डोंगर कसले, उलटे लावलेले खिसेच ते, असं कॉलरवाली म्हणाली आणि डबे खात बसलेल्या बायका हसल्या. मास्तर हसले नाहीत. तरुणपणी त्यांनी तो सगळा मुलूख पायाखाली घातलेला, त्यामुळे या विषयात थट्टा त्यांना चालत नसे.

रविवारी पहिल्या बसनं पायथ्याशी उतरायचं. अंगावर येणारा चढ चढून वरचा तलाव गाठायचा. काठाकाठानं खिंडीपर्यंत जायचं, खिंडीपलीकडे दुसरा डोंगर, त्याच्या पोटाशी खालचा तलाव. त्याच्या बांधावरून चालत गेलं की रस्ता लागतो आणि शेवटची बस मिळते. खिंडीवर मास्तरांनी आडवी रेघ मारली.

"ही ओलांडली की मागं फिरणं नाही. फोन लागत नाही, दुसरी वाट नाही. ज्याचा जीव घरात अडकलाय त्यानं आत्ताच सांगून टाका."

बोलले सगळ्यांना, पाहिलं मात्र काजवालीकडे.

काजवाली म्हणजे शर्टांची काजं पाडायच्या मशीनवर बसणारी. नवरा गेल्यावर घरात ती आणि सासू अशा दोघीच उरल्या, आणि पुढे सासू न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं ते बसलंच नाही. तेव्हापासून म्हातारी खिडकीजवळच्या खाटेवर. घर कारखान्यापासून दोन गल्ल्यांवर होतं. सकाळच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या सुट्टीत काजवाली धावत जायची. लघवीचं भांडं द्यायचं, कूस बदलायची, पाण्याचा तांब्या भरायचा, आणि भोंग्याच्या आत परत. हिच्या पायाला दोरी बांधलीय, असं कारखान्यात म्हणत. तीही हसायची. पण हा एक रविवार तिला हवा होता. का हवा, ते तिला सांगता आलं नसतं. भूक लागावी तसा हवा होता.

"नणंद येणार आहे," ती म्हणाली. "दिवसभर थांबते म्हणालीय."

नणंदेला तयार करताना नाकी नऊ आले होते. एकदा पाहुणे, एकदा डोकेदुखी. शेवटी काजवालीनं रडवेला आवाज काढला तेव्हा कुठे ती हो म्हणाली. सासूला सांगितलं, तर सासू म्हणाली, बरं झालं, जा. एवढंच म्हणून ती भिंतीकडे बघत राहिली. मागच्या खेपेला लेक आली असताना भांडं द्यायची वेळ आली, तेव्हा लेकीनं नाकाला रुमाल लावला होता. म्हातारी त्या संध्याकाळी जेवली नव्हती. काजवालीला हे ठाऊक होतं. पण माणूस सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतं, आणि तिची सोय सध्या रविवारी होती.

मग घरात तयारी सुरू झाली. पाठीवर चिंध्यांनी भरलेली पिशवी घेऊन ती इमारतीचे जिने चढे-उतरे, आणि धापा टाकत आत आली की सासू खाटेवरून विचारी, दम कुठे लागला, पोटऱ्या भरल्या का. चपलांवर भागवायचा तिचा विचार सासूनं हाणून पाडला. डोंगरात चपला घालून जाणार म्हणजे हसं करून घेणार, असं म्हणून तिनं कॉलरवालीकडून बूट मागून आणायला लावले. इतक्या वर्षांत दोघींनी मिळून असं कशात डोकं घातलं नव्हतं. आणि देव पावल्यासारखं त्याच दिवसांत सगळं सोपं झालं. सुट्टीत धावत जावं तर चादर कोरडी. भांडं पुढे केलं तर म्हातारी मानेनं नको म्हणे. काजवाली सलग झोपू लागली. आईंचं हल्ली बरं चाललंय, असं तिनं कारखान्यात सांगितलंसुद्धा.

गुरुवारी खालचा घड्याळजी तक्रार घेऊन आला. तुमच्या खिडकीतून माझ्या पत्र्यावर पाणी पडतं, रोज, तेही भरदिवसा. काजवालीनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. आमच्या घरात पाणी ओतत बसायला रिकामं कोण आहे? घड्याळजी पुटपुटत गेला. म्हातारी डोळे मिटून पडली होती.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती घरी आली, तर सासू तिला गेलेल्या मुलाच्या नावानं हाक मारत होती. ओठ फुटले होते, अंग तव्यासारखं तापलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि काजवालीला बाजूला घेतलं. लघवीत जंतू झालेत, ते रक्तात उतरलेत, मूत्रपिंडं जवळजवळ थांबलीत. या वयात आशा धरू नका. मग त्यांनी विचारलं, घरी पाणी द्यायला कुणी नसतं का? साधाच प्रश्न, पण आजूबाजूच्या खाटांवरच्या नातेवाइकांनी माना वळवल्या. रोज तांब्या भरून ठेवते, रोज रिकामा होतो, असं ती ठासून सांगायला गेली, आणि वाक्याच्या मध्येच तिला घड्याळजी आठवला.

सलाइन लावल्यावर शनिवारी सकाळी म्हातारीनं डोळे उघडले. पाणी खिडकीतून का ओतलंत, असं काजवालीनं विचारलं. विचारलं म्हणजे खडसावलंच.

"सवय करत होते," सासू म्हणाली.

"कसली सवय?"

"रविवारची. ती येणार ना. तिच्यापुढं भांडं घ्यायला नको वाटतं गं मला." थोडा श्वास घेऊन ती पुढे म्हणाली, "दुपारपर्यंत जमायला लागलं होतं. संध्याकाळचं तेवढं अवघड जात होतं."

काजवालीच्या जिवाचा संताप संताप झाला. या हट्टी म्हातारीला गदागदा हलवावं असं तिला वाटलं, आणि त्याहून जास्त राग स्वतःचा आला. कोरड्या चादरी बघून ती खूश झाली होती. सासूनं हात हलवून खाटेखालच्या पिशवीकडे बोट दाखवलं. लघवीसाठी लावलेली नळी त्या पिशवीत सोडली होती.

"आता बघ, नळी लावलीय. आता कुणी आलं तरी चालतंय. तू उद्या जा."

काजवाली व्हरांड्यात गेली. मास्तरांना फोन करून माझ्यासाठी थांबू नका, एवढं तिनं सांगितलं. आपण पुढच्या महिन्यात ठेवू, असं मास्तर म्हणाले, पण तिनं तेही नको म्हटलं.

रविवारी म्हातारीचा ताप पुन्हा चढला आणि तिचं बोलणं भरकटलं. डॉक्टरीणबाईंनी चमच्यानं थोडं थोडं पाणी द्यायला सांगितलं होतं. नणंद कबूल केल्याप्रमाणे आली. या वेळी रुमाल पर्समध्येच होता. तिनं आईच्या गालावरून हात फिरवला आणि चमचा ओठांना लावला, पण म्हातारीनं ओठ घट्ट मिटून घेतले. नणंदेनं लाडीगोडी केली, रागावून पाहिलं. पाणी हनुवटीवरून उशीवर ओघळलं. शेवटी तिनं चमचा काजवालीच्या हातात दिला आणि तोंडाला पदरही न लावता सगळ्यांदेखत रडू लागली.

काजवालीनं चमचा भरला. म्हातारीनं डोळे न उघडता विचारलं, "तू आहेस ना? गेली नाहीस ना?"

"आहे, आई. इथंच आहे."

मग म्हातारीनं तोंड उघडलं आणि एक घोट घेतला. पुढच्या चमच्याला तिनं पुन्हा तेच विचारलं, आणि त्याच्या पुढच्यालाही. उत्तर मिळाल्याशिवाय ती पीत नव्हती. दिवसभर काजवाली चमचा भरत राहिली आणि दर चमच्याला सांगत राहिली, की इथंच आहे, कुठं गेले नाही.