कूरी

काचेची टाकी ठेवायला जागा व्हावी म्हणून जाफरनं दोन अर्धवट तानपुरे उचलून खुंटीला टांगले, रंधा बाजूला सारला आणि हमालाला म्हणाला, "हळू रं. पाणी हिंदकळाया नको."

पाण्यात तसं काहीच दिसत नव्हतं. तळाला वाळू आणि कोपऱ्यात माठाचं एक पालथं खापर. मागून आलेल्या एलियाम्मानं खापराखालच्या अंधाराकडे बोट केलं.

"आत आहे. दिवसा येत नाही. अंधार पडला की येते."

एलियाम्मा मिरजेच्या दवाखान्यात नर्स होती. जाफरच्या आईच्या, मदिनाबीच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनंच सगळं केलं होतं. तेव्हापासून ती रविवारी गल्लीत यायची, आईच्या डोळ्यात औषध घालायची आणि चहा घेऊन जायची. एकदा ती केरळला गावी गेली आणि येताना घरामागच्या नदीतला बोटभर मासा बरणीत घालून घेऊन आली. दोन दिवस आगगाडीत बरणी तिच्या मांडीवर होती म्हणे. तिच्या भाषेत त्याला कूरी म्हणायचे. टाकीचं लाकडी झाकण जाफरनंच करून दिलं होतं.

आता ती जर्मनीला निघाली होती. तिकडे नर्सना मागणी होती.

"पाणी सगळं एकदम बदलायचं नाही," ती सांगत होती. "गांडूळ बारीक करून द्यायचं, तेपण संध्याकाळी. हातात धरू नका, पंखात काटा आहे. झाकण उघडं ठेवलं तर उडी मारते."

"व्हय सिस्टर."

आणखी काही विचारावं असं जाफरला वाटलं. तो फडक्यानं काच पुसत राहिला. काच स्वच्छच होती.

ती गेल्यावर चार दिवस त्याला मासा दिसलाच नाही. पाचव्या दिवशी तारा लावता लावता अंधारलं आणि दिवा लावायचं राहून गेलं, तेव्हा खापराखालून आधी मिशा बाहेर आल्या. मग सगळी कूरी आली. हळदीसारखी पिवळी, मोठ्या डोळ्यांची, खांद्यावर काजळाच्या तिटीएवढा काळा ठिपका. ती वाळू चाचपत टाकीभर फिरली. जाफर श्वास रोखून बघत राहिला.

मग ते रोजचंच झालं. दिवेलागणीला गल्लीतली सगळी दुकानं उजळायची आणि जाफरचं तेवढं काळोखात राहायचं.

"लोकं ह्या वक्ताला घरात उजेड करत्यात," मदिनाबी म्हणायची. "मासळी सांभाळतुयास, बायको कवा आणणार हाइस?"

"बघू की."

दोन-तीन महिन्यांतून एकदा दवाखान्यातल्या ग्रेस सिस्टर दारात थांबायच्या. "एलियाम्मानं विचारलंय, कूरी कशी आहे?"

जाफर हातातलं काम टाकून उठायचा. ती कशी वाढली, काय खाते, झाकणाला कशी डोकं आपटते, सगळं सांगायला लागायचा. ग्रेस सिस्टर घड्याळ बघायच्या. "बरी आहे ना? तेवढंच कळवते."

दुसऱ्या पावसाळ्यात गावात हगवणीची साथ आली. आडात औषधाची पावडर टाकली होती, ते जाफरला ठाऊक नव्हतं. त्यानं त्याच दिवशी टाकीत आडाचं दोन कळश्या ताजं पाणी ओतलं. सकाळी कूरी आडवी होऊन तरंगत होती. परसात लिंबाखाली त्यानं ती पुरली.

आठवड्याभरानं ग्रेस सिस्टर आल्या.

"बरी हाय," जाफर म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तो सायकलवरून कृष्णेच्या घाटावर गेला. जोतीराम भोई जाळं झाडत होता. जाफरनं त्याच्याकडं जिवंत शिंगटी मागितली.

"कालवणाला एकानं काय हुतंय गड्या?"

"पाळाया पायजे."

जोतीराम हसला, पण डब्यात पाणी घालून त्यानं एक शिंगटी दिली. तशाच मिशांची, पण करडी, अंगावर फिकट पट्टे असलेली. तीही उजेड चुकवून खापराखाली शिरली.

तिसऱ्या वर्षी, नाताळ जवळ आलेला असताना, भर दुपारी एलियाम्मा दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. सोबत तिचा नवरा होता. आत आल्याआल्या तिनं मदिनाबीची हनुवटी वर केली आणि पापणी उचलून डोळा बघितला.

"दिसतंय का?"

"तू दिसतीयास की!" म्हातारी म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवत राहिली.

मग एलियाम्मा टाकीकडे वळली. जाफरनं दुकानाच्या फळ्या एकेक करून लावल्या, झरोक्यावर पोतं टाकलं. पॉलिशच्या वासानं की अंधारानं अवघडून, नवरा टांगा बघतो म्हणून शेवटच्या फळीच्या जागेतून बाहेर गेला. जाफरनं तीही लावली.

तिघं टाकीसमोर बसले. बऱ्याच वेळानं खापराखाली हालचाल झाली. मासा बाहेर आला आणि काचेच्या कडेनं फिरला. एलियाम्मानं कपाळ काचेला टेकवलं.

"जाफरभाई, कूरीच्या खांद्यावर ठिपका असतो."

"व्हय."

"कधी गेली?"

"गेल्या पावसाळ्यात. माझ्या हातनंच गेली, सिस्टर."

"आणि ही?"

"आपल्या कृष्णेतली हाय."

"मला दाखवायला आणली?"

"न्हाई. तुमी येणार ह्ये कुठं ठावं हुतं?" तो तानपुऱ्याच्या खुंटीवर अंगठा घासत राहिला. "ग्रेस सिस्टर विचाराया यायच्या. कूरी गेली म्हटलं असतं, तर पुन्हा कुणी कशाला विचारलं असतं?"

एलियाम्मा हलली नाही. तिच्या श्वासानं काचेवर वाफ धरली, ती तिनं पदरानं पुसली.

बाहेर टांग्याची घंटी वाजली. नवऱ्यानं हाक मारली. तिनं तिच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं.

"जा बाई, माणूस खोळंबलंय," मदिनाबी म्हणाली.

जाफर उठला आणि त्यानं फळीला हात घातला.

"राहू द्या," एलियाम्मा म्हणाली. "थोडा वेळ."

बाहेरून पुन्हा हाक आली. जाफर फळीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.