डोमकावळ्याचा खांदा

वामांत्ला गावचे मुखवटेवाले कुस्तीगीर एक वेळ पाद्र्यापुढे खोटं बोलतील, पण दोन्या चोनाच्या, म्हणजे चोनाबाईच्या, बाकावर नाही. चोना निखळलेली हाडं बसवायची, मुका मार उतरवायची. अर्निकाची पिवळी फुलं, सताप आणि कापूर उसाच्या दारूत चाळीस दिवस मुरवून केलेला तिचा अर्क गावाबाहेरही नावाजलेला. बाकावर येणारा मुखवटा काढत नसे, आणि चोना नाव विचारत नसे. दुखतं तेवढं अंग उघडं, बाकी झाकलेलं. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या कानी जायचं नाही, हा तिचा शब्द. त्या शब्दावरच एकमेकांची टाळकी फोडणारे तिच्या दारात गुमान रांगेत बसत.

गुरुवारी डोमकावळा या नावानं लढणारा आला. डावा खांदा निखळता निखळता राहिलेला. रविवारी त्याची गाठ तांबड्या विंचवाशी होती, मुखवट्याला मुखवटा पणाला लावून. हरेल त्यानं भर आखाड्यात तोंड दाखवायचं आणि तो मुखवटा कायमचा गमवायचा. आता तांबडा विंचू म्हणजे चोनाचाच पोरगा, फिदेन्सियो. मुखवटा त्याच्या मेलेल्या बापाचा, चोनानंच शिवलेला.

"आई, कुठला खांदा?" जेवताना पोरानं विचारलं. कावळ्याचा खांदा दुखावल्याची कुणकुण त्याला आखाड्यात लागली होती.

"गिऱ्हाइकाचं सांगत नाही."

"मग मी कोण?"

"तू फुकट्या."

तो हसला. "नको सांगूस. अंग तापलं की तुझा अर्क आपणच घमघमतो. नाक आहे मला."

चोनाचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं औषध चोळलं, पण औषधच चुगली करेल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

रविवारी दुपारी डोमकावळा परत आला, तेव्हा तिनं त्याचा डावा खांदा साबणानं खसाखसा धुतला आणि अर्क उजव्यावर ओतला.

"दोन्या, दुखतोय तो हा नव्हे."

"गप पड. वैद्य तू का मी?"

पहिल्याच मिठीत विंचवानं नाक खुपसलं आणि उजवा खांदा धरला. लोखंडी खांबावर आपटला; एकदा, दोनदा, पाचदा. पंचाची पाठ फिरताच त्यात दात रोवले. कुणीतरी खुर्ची पुढे केली, ती त्याच खांद्यावर मोडली. कातडं सोललं, रक्त कोपरावरून ठिबकायला लागलं. कावळा गुरासारखा हंबरत होता, पण पहिल्या रांगेतल्या चोनाला कळत होतं, सांधा शाबूत आहे. पोरगा वीस मिनिटं धडधाकट हाडाशी झुंजत होता आणि दम त्याचाच सुटत होता.

मग तो उजवा हात फिरला. मुखवट्याआड नाक मोडल्याचा आवाज आला. कावळ्यानं त्याला उचलून पाठीवर आदळलं, केसांना धरतात तसं मुखवट्याच्या दोऱ्यांना धरून बसतं केलं आणि मागून गळा आवळला. उजव्या हाताचा फास, डाव्याचं कुलूप. डाव्या खांद्यात एक कोपर बसलं असतं तरी कुलूप तुटलं असतं.

मुखवट्याच्या भोकांतून पोराचे डोळे आईला शोधत आले. एक शब्द पुरे होता. शेजारच्या बाया "ऊठ रे विंचवा, ऊठ" म्हणून घसा फोडत होत्या. चोनानं खालचा ओठ दाताखाली धरला, रक्त येईतो.

पोरानं फळ्यांवर तळवा आपटला. हरला.

रिवाजाप्रमाणे दोऱ्या सोडल्या. सुजलेलं, रक्तानं माखलेलं तोंड गावानं पाहिलं. नाव, गाव आणि आखाड्यातली वर्षं सांगायची असतात.

"फिदेन्सियो क्वामात्सी. वामांत्ला. अकरा वर्षं," तो म्हणाला आणि एक दात थुंकला.

घरी येऊन तो बाकावर आडवा झाला.

"कुठला होता?"

"डावा."

"आणि वास?"

"मी फिरवला."

"शेवटी तरी ओरडायचंस."

"ओरडले असते, तर उद्यापासून या बाकावर कोण झोपलं असतं?"

"बाबांचं तोंड होतं ते, आई."

तिनं दोन्ही अंगठे त्याच्या नाकाला लावले. "तीन म्हटलं की दाबते," म्हणाली, आणि एकालाच दाबलं. हाड कटकन जागेवर आलं. पोरानं तिचं मनगट पकडलं आणि आखाड्यात पिळतात तसं पिळलं. चोना 'सोड' म्हणाली नाही.