मल्लेश्वरीअक्काचं कडवं

मल्लेश्वरीअक्काचा आवाज मी कापला. चुकून नाही, घाईत नाही. खुर्चीत बसून, चहा पीत, आलेख बघून कापला. असल्या कामाला मी तेव्हा सुधारणा म्हणत होते.

माझी राजूआत्या बिदरकडच्या मुडबी गावची. हळदीची गाणी म्हणावीत तर तिनंच, असं आसपासच्या गावांत मानतात. पण ती एकटी कधीच म्हणत नसे. आमच्याकडे मराठी आणि कानडी घरं भिंतीला भिंत लावून आहेत, आणि हळदीचं गाणंही तसंच. आत्या मराठीतून नवरीच्या तोंडचा प्रश्न घालते आणि शेजारची मल्लेश्वरीअक्का आईच्या तोंडचं उत्तर कानडीतून देते. उत्तर आल्याशिवाय आत्या पुढचं कडवं उचलत नाही. तीस-पस्तीस वर्षं दोघींचं असंच चाललेलं.

मी बिदरला, कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात कामाला. कुठला माल उठला, कुठला पडून राहिला, याचे तक्ते दिवसभर बघायचे. त्यामुळे आत्याच्या गाण्यांचं चॅनल काढलं तेव्हा मला वाटलं, हे तर आपल्याच हातातलं काम. पहिले चार व्हिडिओ पूर्ण टाकले. बघणारे जेमतेम शे-दोनशे. मग ॲनालिटिक्स उघडलं. शंभरातले ऐंशी जण महाराष्ट्रातले, लातूर, पुणे, नाशिककडचे. आत्या म्हणत असेपर्यंत बघणाऱ्यांची रेघ सरळ चालायची आणि अक्कानं तोंड उघडलं की धाडकन खाली. चारही व्हिडिओंत तेच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दुखणं कुठं आहे ते सापडलं होतं.

पाचव्या व्हिडिओतून अक्काची कडवी काढून टाकली आणि प्रश्नाला प्रश्न जोडला. चाळीस हजार लोकांनी बघितला. ‘काळीज चिरलं हो’, ‘या लेकीला उत्तर कोण देणार?’ अशा प्रतिक्रिया आल्या. लोक बिनउत्तराच्या प्रश्नांवर डोळे पुसत होते आणि उत्तरं माझ्या लॅपटॉपच्या कचऱ्यात पडली होती. हे माझ्या ध्यानात आलं नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. आलं होतं. पण रेघ सरळ झाली होती ना!

मी दोघींनाही काही सांगितलं नाही. आत्याचा फोन बटणांचा, अक्काकडे तोही नाही. अक्काची नात सुधारानी कलबुर्गीला शिकायची. तिनं एकदा विचारलं, “आज्जीचं कुठंय, दीपक्का?” “वेगळं टाकणार हाय गं,” असं सांगून मी मोकळी झाले. दर रविवारी गावी जायची, दोघींना ओट्यावर बसवायची. अक्का धुतलेलं इरकली लुगडं नेसून, केसांना तेल लावून यायची. कॅमेरा तिच्याकडे वळवायचं मी केव्हाच सोडलं होतं. म्हणून झालं की ती विचारायची, “दीपव्वा, बरं आलंय न्हवं?”

“मस्त आलंय, अक्का.”

सहा महिने मी तिला हेच सांगत होते. लाज आज वाटते.

वैशाखात सुधारानीची हळद होती. गावचा मांडववाला धनराज, त्यानं मोठ्या कौतुकानं स्पीकरवर आत्याचा व्हिडिओ लावला, सगळ्यात गाजलेला. मी मागंच उभी होते. दहा पावलं चालून बंद करता आला असता. केला नाही.

अक्का नातीच्या पायांना हळद लावत होती. स्पीकरमधून आत्यानं विचारलं,

“परक्या गं दारात, माय, कोण पुशील डोळं?”

अक्कानं सवयीनं मान वर केली आणि उचललं, “अळबेड मगळे, ना अदीनि...” रडू नको लेकी, मी आहे. पण तिचं ‘मी आहे’ पुरं व्हायच्या आत स्पीकरनं दुसरा प्रश्न विचारला. तिला वाटलं आपलीच चूक झाली. ती थांबली, कान देऊन ऐकलं, पुन्हा उचललं. पुन्हा तिच्या आवाजावरून पुढचा प्रश्न निघून गेला. तिसऱ्या वेळी तिनं तोंड उघडलंच नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

आत्यानं हात करून स्पीकर बंद करायला लावला आणि मला हुडकून काढलं.

“दीपे, मल्लक्काचं कुठंय?”

“काढलंय.”

“कामून?”

टक्केवारी आणि आलेख त्या मांडवात कुणाला सांगणार? मी म्हणाले, “अक्का म्हणायला लागली की लोक उठून जायलेत, आत्या.”

आणि हेही खरं नव्हतं. लोकांना अक्का नको नव्हती, ती काय म्हणतेय ते त्यांना कळत नव्हतं. खाली मराठीत चार शब्द लिहिले असते तर थांबले असते. मला दोन्ही भाषा येतात, पाच मिनिटांचं काम होतं. हे सुचलं दुसऱ्या दिवशी, बिदरच्या बसमध्ये.

“म्हंजे सहा महिने मी दुनियेला नुसती विचारतच बसले व्हय?” आत्याचा आवाज चढला. “आन् माय समोर बसलेली असून मुकी?”

अक्का रागावली असती तर मला सोसलं असतं. ती एवढंच म्हणाली, “असू दे राजू, पोरीला बोलू नको. मला बी कुठं ठाव होतं, माणसं उठून जायलेत ते.”

मग आत्यानं स्वतःच्या गळ्यानं तोच प्रश्न घातला आणि अक्काकडे बघत थांबली. उत्तर मला पाठ होतं. इतके रविवार मीच तर ते अक्षर न् अक्षर ऐकून कापलं होतं. अक्का खाली बघून नातीच्या पायांना हळद लावत राहिली.

सुधारानीनं हळदीच्या हातानं आजीचा पदर धरला. “आज्जी, म्हण की गं. माझी हळद हाय.”

अक्कानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि कानडीत, अगदी हळू बोलली. मला प्रत्येक शब्द कळला.

“नको बाळा. तुझ्या मांडवातनं कुणी उठून जायला नको.”