मधमाशीचं पान

अशी कल्पना कर, की तू दहा वर्षांची आहेस आणि तुझं नाव लुविना आहे. तू अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगराळ भागातल्या एका शेतावर राहतेस. साल आहे अठराशे त्रेचाळीस. डिसेंबर लागलाय, कुंपणाचे खांब अर्धे बर्फात गेलेत, आणि घरातली दोन मुलं डब्यात मक्याची भाकरी घेऊन शाळेला निघालीत. तू दारात उभी राहून त्यांच्यामागे दार लावून घेतेस, कारण ते तुझं काम आहे. मग भांड्यांकडे वळतेस.

लुविना त्या घरची मुलगी नव्हती. तिची आई गावच्या गरीबघरात, म्हणजे निराधारांना गावखर्चानं ठेवायच्या घरात वारली, तेव्हा ती पाच वर्षांची होती. पुढची दोन वर्षं ती तिथंच राहिली, एका खोकणाऱ्या म्हातारीच्या अंथरुणात, पायाकडच्या बाजूला. सातव्या वर्षी गावच्या पंचांनी तिला ऑर्सन टटल नावाच्या शेतकऱ्याकडे करारानं ठेवलं. अठरा वर्षांची होईपर्यंत तिनं त्यांच्या घरी राहायचं आणि काम करायचं. तेव्हा अनाथ मुलांची सोय अशीच लावत.

टटलांचं घर वाईट नव्हतं. लुविनाला धुराड्याच्या भिंतीजवळ स्वतःची गादी होती, आणि टटलबाईंनी आपल्या हातानं तिला लाल लोकरीचे मोजे विणून दिले होते. त्या घरात कोणी कधी तिच्यावर हात उगारला नाही. फक्त शाळेत मात्र तिला कोणी पाठवत नव्हतं.

याचं कारण होतं लाकूड आणि जेवण. त्या भागात शाळेचा खर्च पोरांच्या संख्येवर वाटला जाई. शाळेत जाणाऱ्या दर मुलामागे त्या घरानं शाळेच्या शेगडीसाठी एक गाडी लाकूड तोडून आणायचं आणि मास्तरीणबाईंना चार दिवस घरी ठेवून घ्यायचं. बाईंना स्वतःचं घर नसे. हिवाळाभर त्या आपली पेटी घेऊन या घरून त्या घरी जात. टटलांची दोन मुलं शाळेत होती, बारा वर्षांची अल्माइरा आणि आठ वर्षांचा जोथम. म्हणून बाईंचा मुक्काम त्यांच्याकडे आठ दिवस.

त्या वर्षीच्या बाई म्हणजे मिस फिडेलिया क्रेन. वय अठरा. गुरुवारी संध्याकाळी त्या पेटीसह टटलांकडे आल्या आणि सगळे जेवायला बसले. काकवीत शिजवलेल्या घेवड्याचं भांडं मध्ये होतं.

"घ्या बाई, अजून घ्या," टटलबाई म्हणाल्या. "आठ दिवसांत तुम्ही वाळलात तर पुढच्या घरी आमचं नाव निघेल."

"पुढचं घर सिमन्सांचं," जोथम म्हणाला. "तिथं रोज सलगम. सकाळी सलगम, रात्री सलगम. आत्ताच खाऊन घ्या बाई."

"जोथम."

"खरं तेच सांगतोय ना. त्यांचा पोरगा इलाय शाळेतसुद्धा सलगमासारखाच वास मारतो."

बाईंनी हसू दाबलं. मग टोपलीतून भाकरी वाढणाऱ्या लुविनाकडे पाहून त्यांनी सरळ विचारलं, "ही शाळेत का येत नाही?"

"ती आमची नाही," टटल म्हणाले. "गावची आहे."

"मग गावच्या शाळेत यायला हवी."

टटलांनी चमचा खाली ठेवला. ते रागावले नव्हते. "बाई, हिशेब शिकवता ना तुम्ही? मग एवढा करा. दोन पोरं, तुमचे आठ दिवस. तिसरं आलं की बारा. वर एक गाडी लाकूड. पोर गावची आणि लाकूड माझं? गावानं लाकूड आणून टाकावं, मी आत्ता हिला धाडतो. पंचांना विचारलं तर म्हणतात, मुलगी टटलकडे आहे, टटलनं बघावं. शाळेच्या यादीवाल्याला विचारलं तर म्हणतो, ती गरीबघराच्या यादीत असेल. मी का म्हणून दोन याद्यांच्या मध्ये पडू?"

"आणि तिचं शिक्षण?"

"चाललंय की. घरी." टटल बायकोकडे वळले. "केझाया, ते पत्र दाखव बाईंना. नाहीतर त्यांना वाटायचं आपण पोरीला गुरांमध्ये वाढवतोय."

टटलबाईंनी उंच घड्याळाच्या खालच्या कपाटातून लुविनाचं करारपत्र काढून दिलं. बाईंना सवय होती, त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. सदर मुलीस अन्न, वस्त्र आणि निवारा द्यावा. तिला वाचायला, लिहायला आणि साधा हिशेब करायला शिकवावे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर दोन जोड नवे कपडे देऊन तिला मोकळे करावे.

भाकरीची टोपली लुविनाच्या हातात तशीच राहिली.

"भाकरी दे ना, लुविना," जोथम म्हणाला. "का दगड झालीस?"

शनिवारी शाळेला सुट्टी होती. टटल जोथमला घेऊन झाडं पाडायला गेले होते, अल्माइरा आणि तिची आई गोठ्यात होत्या. लुविना स्वयंपाकघरात लोण्यासाठी साय घुसळत होती. बाई तिच्याजवळ स्टुलावर येऊन बसल्या. त्यांच्या हातात अल्माइराचं जुनं वाचनपुस्तक होतं.

"टटलबाई म्हणाल्या, तू यातलं वाचतेस."

"वाचते."

"मी घुसळते, तू वाच."

लुविनानं हात पुसले आणि पुस्तक बरोबर चौदाव्या पानावर उघडलं. वर मधमाशीचं चित्र होतं. तिनं न अडखळता सुरुवात केली. "मधमाशी सूर्य उगवायच्या आत उठते. ती कोणाला उठवत नाही आणि कोणाची वाट पाहत नाही." बाई ऐकत होत्या. ते पान एका वाक्याच्या मध्येच संपत होतं, बाकीचं पुढच्या पानावर होतं. लुविना पान न उलटता धडा संपेपर्यंत तशीच म्हणत गेली.

बाई घुसळायच्या थांबल्या. त्यांनी पानाच्या मध्यावर एका शब्दावर बोट ठेवलं. "हा शब्द कोणता?"

लुविनाचे ओठ हलू लागले. तिनं पहिल्या शब्दापासून मनात म्हणत एकेका शब्दावरून नजर पुढे सरकवली आणि बाईंच्या बोटापाशी येऊन थांबली.

"फुलावर."

"बरोबर." बाईंनी तीन पानं उलटली आणि तोच शब्द दुसऱ्या धड्यात दाखवला. "आणि हा?"

लुविनानं वर-खाली सगळ्या पानावर चित्र शोधलं. "इथं मधमाशी नाहीये," ती शेवटी म्हणाली.

हे वाचन नाही, पाठांतर आहे, हे बाईंना कळलं. बाकीचं लुविनानं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी टटलबाईंनी तिला खरंच शिकवायला घेतलं होतं. सात-आठ अक्षरं झाली, मग वासरू आजारी पडलं, मग चीज करायचे दिवस आले. तेवढ्यात पंच होबार्ट वर्षाची पाहणी करायला येणार असा निरोप आला. टटलबाईंनी एका आठवड्यात तो धडा तिच्याकडून पाठ करून घेतला. एवढं वर्ष चालवून घेऊ, असं त्या म्हणाल्या होत्या. पुढच्या वर्षीही तेच म्हणाल्या. पंचांनी दोन्ही वेळा मधमाशी ऐकली आणि आपल्या कागदावर लिहिलं, वाचता येते. आज दुपारी ते तिसऱ्यांदा येणार होते.

"मी पंचांना सांगते," बाई म्हणाल्या.

"नको." लुविनाचा चेहरा एकदम उतरला. "नका सांगू, बाई. ते मला परत गरीबघरात नेतील."

"चूक तुझी नाही. शिकवायचं यांनी होतं."

"पण नेतील मलाच ना? मालकांना कुठं नेणार?"

नाही, तसं होणार नाही, असं सांगणं सोपं होतं. पण ते खरं आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि स्वतःला ठाऊक नसलेलं मुलांना सांगायचं नाही एवढं त्या पाळत.

"नेतील की नाही, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "टटलांनी तुला शाळेत घालावं असं पंच सांगू शकतात. तुला दुसऱ्या घरी ठेवू शकतात. गरीबघरातही नेऊ शकतात. किंवा काहीच करणार नाहीत. पण या घरात राहायचंय तुला. मी गुरुवारी सलगम खायला जाणार. म्हणून तू नको म्हणालीस तर मी बोलणार नाही."

लुविना पुन्हा साय घुसळू लागली. घुसळता घुसळता तिनं विचारलं, "त्या पत्रात खरंच लिहिलंय? वाचायला शिकवावे असं?"

"लिहिलंय."

"मला वाटायचं, मालकीणबाई मला शिकवतात ते त्यांच्या मनानं."

"नाही. तो तुझा करार आहे."

"आणि दोन जोड कपडे?"

"तेही."

"ते तर मला माहीतच नव्हतं," लुविना म्हणाली. ती घुसळायची थांबली. "तीन वर्षं ते पत्र आत होतं, आणि रोज त्या घड्याळावरची धूळ पुसते मी."

दुपारी पंच होबार्ट आले. म्हातारे, भल्या स्वभावाचे, बूट बर्फानं भरलेले. दोन दिवसांत त्यांना अकरा मुलं पाहायची होती आणि बाहेर घोडा थंडीत उभा होता. टटलबाईंनी त्यांना शेगडीजवळ बसवून सफरचंद भरून भाजलेल्या पायचा मोठा तुकडा दिला. टटल दाराशी उभे राहिले. बाई खिडकीजवळ विणकाम घेऊन बसल्या होत्या.

"पोटभर मिळतं ना, पोरी?" पंचांनी विचारलं.

"हो."

"गादी, पांघरूण?"

"आहे."

"आणि हे झकास मोजे. बरं. आता वाच बघू. लवकर वाच, घोडा माझ्यासारखा शेगडीशी खात बसलेला नाही." त्यांनी शाईत टाक बुडवला. "गेल्या वर्षी मधमाश्याच होत्या ना?"

"तिला आवडतात मधमाश्या," टटलबाई घाईघाईनं म्हणाल्या. त्यांनी पुस्तक चौदाव्या पानावर उघडून लुविनाच्या हातात दिलं आणि तिचा एप्रन सारखा केला.

तिनं पानाकडे पाहिलं. तिला म्हातारीच्या अंथरुणातली पायाकडची जागा आठवली. धुराड्याजवळची गादी आठवली. खिडकीत बाई मान खाली घालून टाके मोजत होत्या. वाचलं की पंच दोन शब्द लिहिणार आणि जाणार. पुढच्या डिसेंबरात ती अकरा वर्षांची असणार, आणि पुन्हा हेच पान.

"वाच की," टटल म्हणाले.

लुविनानं पुस्तक मिटलं. ते बशीशेजारी पंचांसमोर ठेवलं, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि त्यांच्याकडे बघत मधमाशीचा सगळा धडा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, कुठेही न चुकता म्हणून दाखवला.

"एवढंच येतं, पंचसाहेब," ती म्हणाली. "बाकीचं पुस्तक अजून यायचंय."